अर्ध्या पानावरचे ठिपके

परीक्षानळी लाकडी स्टँडात ठेवली की सर दोन पावलं मागं सरकायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि म्हणायचे, "आता आपण मधे यायचं नाही." नळीत बघण्यासारखं काही नसायचं. ताकावरच्या निवळीसारखं गढूळ पाणी, बस्स. पण सर तिच्याकडं असे टक लावून उभे राहायचे की मलाही नाइलाजानं उभं राहावं लागायचं. माझे पाय दुखायचे. सोलापूरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा अटेंडंट होतो. काचा धुवायच्या, स्टोव्ह पेटवायचा, रोपांना पाणी घालायचं, आणि साहेबलोक उभे असतील तोवर आपणही उभं राहायचं, हे माझं काम.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि कॉलेजच्या नळाला पुन्हा पाणी यायला लागलं होतं. सर चाळिशीच्या आतबाहेर, किडकिडीत, एका कानाला चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीत राहायचे. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. लग्न केलं नव्हतं. घरी तेलुगू, वर्गात मराठी, पुस्तकात इंग्रजी, आणि रागावले तर कुठलीच भाषा नाही, नुसते गप्प. असे प्राध्यापक तुम्हीही पाहिले असतील. वर्गात पोरं गोंधळ घालतात आणि ते आपले फळ्याकडं तोंड करून शिकवत राहतात.

मला सगळे 'मामा' म्हणायचे, तसे तेही म्हणायचे. पण 'अहो मामा' म्हणणारे ते एकटेच.

त्यांचं संशोधन विषाणूवर होतं. विषाणू म्हटल्यावर तुम्ही दचकाल. मीही दचकलो होतो, आणि पहिले आठ दिवस घरी गेल्या गेल्या आधी आंघोळ करायचो. मग कळलं की हा माणसाला लागणारा नव्हेच, तंबाखूच्या रोपाला लागणारा आहे. पानावर हिरवे-पिवळे डाग पडतात, पान आक्रसतं. सर सांगायचे, हा विषाणू म्हणजे एक इवलीशी काडी. आत एक धागा असतो, आरएनए नावाचा. सगळी विद्या त्या धाग्यात. बाहेरून प्रथिनाचे तुकडे, सगळे एका मापाचे, त्या धाग्याभोवती फेर धरून बसतात. फेरावर फेर चढत जातो आणि काडी पुरी होते. झाला नवा विषाणू, दुसरं पान धरायला मोकळा.

सर ही काडी औषधं घालून उसवायचे. धागा एका नळीत, प्रथिन दुसऱ्या नळीत. मग तिसऱ्या नळीत दोन्ही एकत्र ओतायचे आणि गप ठेवून द्यायचे. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. काही तासांनी काड्या आपल्या आपण बांधून तयार. त्यासाठीच ते हात मागं बांधून उभं राहणं.

"यांना सांगितलं कुणी, मामा?" ते विचारायचे.

"कुनाला सर?"

"या तुकड्यांना. पानाच्या आत धाग्यांची ही गर्दी असते, रोपाचे स्वतःचे धागे. त्या गर्दीतनं हे आपलाच धागा बरोबर हुडकतात आणि त्यालाच गुंडाळतात. शेजारी रोपाचा धागा पडलेला असतो, त्याला बहुतेक हात लावत नाहीत. मग आपला धागा ओळखायची खूण काय?"

"मला काय ठावं सर. मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडं ज्वारी."

ते मनापासून हसायचे. त्यांना हसवणं सोपं होतं. पण ती खूण शोधणं हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, आणि ती पीएच.डी. सहा वर्षं रखडली होती. आमच्या कॉलेजात तेव्हा कुणीच डॉक्टर नव्हतं. सरांच्या गल्लीत तर मॅट्रिकच्या पुढं गेलेलं घर शोधावं लागायचं. त्यांच्या पुण्याच्या मार्गदर्शकांचं पत्र आलं होतं, दोन हिवाळ्यांत काम पुरं करा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. हिवाळेच मोजायचं कारण, आमच्या सोलापूरचा उन्हाळा. त्या उन्हात प्रयोगाची रोपं माना टाकतात आणि पानावर उठायचे ते ठिपके उठतच नाहीत. बर्फाच्या कारखान्यातनं पोत्यात गुंडाळून बर्फ आणायचो मी, सायकलवर. कॉलेजात पोचेपर्यंत निम्मा माझ्या पाठीवरून वाहून जायचा.

ठिपक्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. काडी बांधली गेली की नाही हे डोळ्यानं दिसत नाही. ते दाखवणारं यंत्र सोलापुरात नव्हतं. म्हणून पानाला विचारायचं. तंबाखूच्याच जातीचं एक रानटी रोप असतं. त्याच्या पानाच्या अर्ध्या भागावर एका नळीतलं पाणी बोटानं हलकेच घासायचं, उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या नळीतलं. चौथ्या दिवशी, जिथं विषाणू लागला तिथं सुईच्या टोकाएवढे करडे ठिपके उठतात. नुसता धागा घासला तर थोडे. धागा आणि प्रथिन जुळून काड्या झाल्या असतील तर पान भरून. आणि नुसतं प्रथिन घासलं तर एकही नाही. एकही नाही म्हणजे नाही. तिथं ठिपका आला तर सगळंच मुसळ केरात, कारण मग कुठला ठिपका कशाचा, हे सांगता येत नाही.

आणि आमच्याकडं नेमका तिथंच यायचा.

त्या हिवाळ्यात आम्ही काचा तीनतीनदा उकळल्या. रोपं बदलली, माती भाजून घेतली, पाणी पुन्हा गाळलं. तरी नुसत्या प्रथिनाच्या अर्ध्यावर ठिपके. एकदा सरांनी नुसतं शुद्ध पाणी घासून बघितलं, तरी पाचसहा ठिपके. ते पान हातात धरून ते स्टुलावर बसले ते मधली सुट्टी संपेपर्यंत उठले नाहीत.

मग त्यांची नजर माझ्या खिशाकडं गेली. माझ्याकडं चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असायची. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, मिसरूड फुटायच्या आधी तंबाखू मळायला शिकलो.

"अहो मामा, वाळलेल्या तंबाखूत हा विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतो," ते म्हणाले. "तुम्ही मळता, त्याच हातानं काच पुसता. मला सांगायला जड जातंय..."

"सोडू व्हय?"

"हिवाळ्यापुरती."

सोडली. त्या दोन महिन्यांत माझी काय दशा झाली ते माझ्या बायकोला विचारा. डोकं ठणकायचं, सकाळी पोट साफ होईना, कारण नसताना पोरांवर खेकसायचो. वर सरांनी पुस्तकातलं वाचून मला दुधानं हात धुवायला लावले. दुधानं म्हणे विषाणू लुळा पडतो. पडला खरा, पण दुधाचा अंश बोटाला राहिला की नळीतला खरा विषाणूही पानाला लागेना. मग दूध बंद. "लोकांच्या पोरांना च्याला दूध न्हाय आन् आमी हात धुतो," असं मी पुटपुटलो, ते त्यांनी ऐकलं आणि खाली मान घातली. एवढं सगळं करून ठिपके होते तिथंच.

एका रविवारी सकाळी प्रयोगशाळेची किल्ली द्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. बोळातलं एका खोलीचं घर, दाराला पडदा. आत सूर्याचा एक पट्टा जमिनीवर पडलेला, आणि त्यात सर मांडी घालून बसलेले. मांडीवर सूप. सुपात बिड्या. शेजारी त्यांची आई, तिच्याही मांडीवर सूप. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली. ती चाचपून पान घेत होती, चिमूट भरून तंबाखू टाकत होती, वळत होती, दोरा गुंडाळत होती. आणि आमचे सर, बी.एस्सी.च्या पोरांना पेशी शिकवणारे, एकेक बिडी उचलून तिचं तोंड दुमडत होते. म्हातारी तेलुगूत काहीबाही सांगत होती आणि ते 'हां अम्मा, हां अम्मा' करत होते. खोलीत तंबाखूचा असा खकाणा की मला दारातच शिंक आली. दोन महिन्यांनी तो वास नाकात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"या मामा, बसा," सर म्हणाले. लाजले वगैरे नाहीत.

मी बसलो नाही. मी म्हणालो, "सर, आन् माझी तंबाखू बंद केलीत व्हय?"

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं, आणि सावकाश आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. बोटांच्या पेरांत तपकिरी पूड बसलेली होती.

"मामा," ते म्हणाले, "मी पाच वर्षांचा असल्यापासनं हे करतोय. ही तंबाखू आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही हो."

तुम्ही म्हणाल, असा कसा माणूस. ज्या रोगाचा अभ्यास तंबाखूच्या रोपावर करतो, त्याला घरातली तंबाखू दिसू नये? मीही त्या दिवशी तसंच म्हणालो, मनातल्या मनात, शिव्या घालून. पण खरं सांगतो, त्यांच्या लेखी ती तंबाखू नव्हतीच, ते आईजवळ बसणं होतं. वडील गेले तेव्हापासून म्हातारी दिवसभर कुणाशी बोलायची नाही. मांडीवर सूप आलं की तिची जीभ सुटायची. काम सोड म्हटलं तर म्हणायची, रिकाम्या हातानं बसून काय करू, मरणाची वाट बघू? आणि डोळे गेल्यापासून बिडीचं तोंड दुमडणं तिला जमत नव्हतं.

हातमोजे घालून बघितले. पण मोजा चढवताना बोट लागतंच, आणि सदरा, केस, चष्मा, सगळीकडं ती पूड. शेवटी सरांनी तोड काढली. "मामा, तुमचे हात आता स्वच्छ आहेत. तुम्हीच करायचं."

म्हणून तो सबंध प्रयोग मी केला. मी, जुनी अकरावी नापास. सर दाराच्या बाहेर उभे राहून सांगायचे, मी आत करायचो. किती थेंब, किती वेळ, कुठल्या नळीतलं कुठं. पान खालून तळहातावर कसं घ्यायचं आणि बोट कसं फिरवायचं, हे त्यांनी मला हवेत बोट फिरवून शिकवलं. पहिली बरीच पानं मी फाडली. ते एकदाही वैतागले नाहीत. मग चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर, प्रथिनाचा अर्धा भाग कोरा करकरीत, आणि काड्या जुळलेला अर्धा भाग ठिपक्यांनी भरलेला. मी पान दारापाशी नेऊन त्यांना लांबूनच दाखवलं. ते उंबऱ्याच्या बाहेर उकिडवे बसले. "जुळलं," एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले.

फेब्रुवारी संपता संपता पुण्याचे मार्गदर्शक आले. चांगला माणूस होता, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी पानं बघितली, वह्या बघितल्या, खूश झाले. मग विचारलं, "हे घासायचं काम फार सफाईनं झालंय. कुणी केलं?"

सरांनी एक 'मी' म्हणायचं होतं. एकच अक्षर.

"यांनी," ते म्हणाले, आणि मला पुढं केलं. "नळीपासून पानापर्यंत सगळं यांनी. माझ्या हातांना विषाणू आहे."

मार्गदर्शकांनी मला चहा आणायला पाठवलं. मी गेलो नाही, भिंतीआड उभा राहिलो. ते समजावत होते, "अहो, प्रबंधात पहिल्याच पानावर लिहून द्यावं लागतं, हे काम मी स्वतः केलंय म्हणून. तेवढं लिहा आणि मोकळे व्हा. कोण बघायला येतंय?"

"मी केलं नाही ते मी केलं असं कसं लिहू, सर?"

मग मार्गदर्शक म्हणाले, "ठीक आहे. पुढचा हिवाळा आहे तुमच्याकडं. कॉलेजच्या होस्टेलवर राहा, घरी जाऊ नका, आणि स्वतःच्या हातानं करा. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. याच्यापुढं मला मुदत मागता येणार नाही."

दुसऱ्या वर्षी थंडी पडायला लागली तशी मी होस्टेलची कोपऱ्यातली खोली स्वतः धुऊन काढली. नवी चादर आणली. सर नवे कपडे घालून आले, डोकं भादरून आले. घरचा डबासुद्धा नको म्हणून खानावळीत जेवायचे. शेजारणीला आईकडं बघायला सांगितलं होतं, आणि मी एक दिवसाआड जाऊन खुशाली आणायची असं ठरलं होतं. जाऊन आलो की आंघोळ करून, कपडे बदलून मगच त्यांच्यासमोर यायचं.

पहिल्या तीन वेळा म्हातारी काही बोलली नाही. आठव्या दिवशी गेलो तर ती सूप घेऊन बसलेली. शेजारी दुसरं सूप मांडून ठेवलेलं, सरांचं. तिनं माझी चाहूल ऐकली आणि मान वळवून म्हणाली, "रा बिड्डा, कूर्चो." म्हणजे ये बाळा, बस. मी म्हणालो, "अम्मा, मी मामा हाय, कॉलेजातला." मग तिनं मोडक्या मराठीत विचारलं, "बिड्डा माझ्यावर रागवला का रे?" तिच्यापुढं आठ दिवसांच्या बिड्यांचा ढीग होता. सगळ्यांची तोंडं उघडी, निम्म्यांतली तंबाखू सांडलेली. शेजारीण म्हणाली, मी दुमडून देते म्हटलं तर हात लावू देत नाहीत.

मी होस्टेलवर आलो. आंघोळ केली, कपडे बदलले. सरांनी विचारलं, "बरी आहे ना?"

बरी आहे म्हणायला माझं काय जात होतं? आजवर हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारलाय. त्या दिवशी नळीत प्रथिन तयार होतं, धागा तयार होता, रोपं ऐन भरात आलेली होती. पण ज्या माणसाला 'मी' म्हणता आलं नाही त्याच्यासमोर मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. बिड्यांचंही सांगितलं आणि ती काय म्हणाली तेही.

सर उठले. चादरीची घडी घातली, वळकटी बांधली. "मामा, विषाणू कुठं जात नाही," ते म्हणाले, आणि निघाले. मी फाटकापर्यंत मागं मागं गेलो. "सर, सात वर्षं झाली की. दीड महिना राह्यलाय," असं काहीबाही बोलत होतो. मला त्यांचा राग आला होता, म्हातारीचा आला होता, आणि माझाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र उन्हाळ्यात आलं. त्यांनी ते वाचून वहीत ठेवलं आणि तासाला गेले. पुढं परदेशातल्या कुणीतरी त्या विषाणूची खूण शोधून काढली. ती धाग्याच्या टोकाला नसते, आत असते, तिथं धाग्याचा फास होतो आणि बांधणी तिथनं सुरू होते. सरांनी ते मासिकातलं वाचून मला फळ्यावर काढून दाखवलं, स्वतः शोधल्यासारख्या आनंदानं. मला तो आनंद बघवला नाही, मी काचा धुवायला गेलो.

सर आता नाहीत. निवृत्तीनंतर तीनचार वर्षांत गेले. कॉलेजात त्यांचा फोटो नाही, असायचं कारणही नाही. त्यांच्यासाठी सोडलेली तंबाखू मी पुन्हा कधी धरली नाही. पण त्यांची आई गेली तेव्हाचं एक सांगायचं राहिलं.

होस्टेल सोडल्यावर म्हातारी आणखी दोन हिवाळे जगली. तिसऱ्याच्या तोंडाला गेली. सुपं, पानं, तंबाखू शेजारणीनं नेली, नातेवाइकांनी घर धुऊन चुना लावला. दिवसकार्य आटोपून महिन्याभरानं सर कामावर आले ते थेट रोपांच्या शेडमध्ये. म्हणाले, "मामा, एक रोप द्या." शुद्ध पाण्याच्या वाटीत बोट बुडवून त्यांनी ते एका पानाच्या अर्ध्या भागावर घासलं. उघड्या बोटानं. नळी नाही, विषाणू नाही, काही नाही. देठाला चिठ्ठी बांधली.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आधी जाऊन बघितलं. पान हिरवंगार, एक डाग नाही. मला काय वाटलं असेल बघा. मला वाटलं, आता हात मोकळे झाले, वय काही गेलेलं नाही, पुन्हा नोंदणी करता येईल. मी धावत स्टाफरूमपर्यंत गेलो. "सर, साफ हाय की. एक ठिपका न्हाय. आता तुमीच करा समदं."

ते आले. पान खालून तळहातावर घेतलं, उजेडाकडं धरलं. चष्मा वर केला, खाली केला. मग शिरेशिरेनं, अगदी कडेपर्यंत, ते पान तपासत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, त्यांना काहीतरी सापडलं.

"एखादा तरी असायला हवा होता हो, मामा," ते म्हणाले.